अनेक फोटो जोडून केलेल्या पॅनोरमात जवळचा कठडा तुटतो आणि आकाशात उभे पट्टे दिसतात. हगिनमध्ये (Hugin, फोटो जोडायचं मोफत सॉफ्टवेअर) दुरुस्त होईल का?

पट्टे बहुतेक जातील, कठडा मात्र अर्धाच.

कठडा तुटतो तो पॅरलॅक्समुळे. कॅमेरा हातात धरून आपण स्वतःभोवती फिरतो, तेव्हा लेन्सही जागा सोडते आणि जवळच्या वस्तू मागच्या डोंगराच्या तुलनेत सरकतात. कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंत एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) कितीही वाढवले तरी ही चूक मिटत नाही. उलट कठड्यावरचे, ढगांवरचे आणि हलत्या झाडांवरचे पॉइंट काढून टाका, फक्त दूरचे ठेवा आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा (सॉफ्टवेअरला फोटोंची जुळणी नव्याने काढू द्या). मग मास्क टॅबमध्ये एका फोटोतला कठडा 'एक्सक्लूड' करा, म्हणजे तो भाग शेजारच्याच फोटोतून घेतला जाईल. दोन फोटोंमधला सांधा सलग गजावरून न नेता खांबापाशी आणला तर सहसा खपून जातो.

पट्टे येतात ते ऑटो एक्स्पोजर आणि कोपऱ्यांतल्या अंधारामुळे (व्हिनेटिंग). त्यासाठी फोटोमेट्रिक ऑप्टिमायझेशन (फोटोंचा उजेड एकमेकांशी जुळवणं) चालवा. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला असेल तर आकाश मुळातच असमान गडद होतं. ते सॉफ्टवेअरने नीट होत नाही.

क्षितिज नागमोडी दिसत असेल तर इमारतीच्या कडांवर उभ्या रेषांचे पॉइंट द्या. दृश्य साधारण १२० अंशांहून रुंद असेल तर रेक्टिलिनियर (सरळ रेषा सरळच ठेवणारं, पण कडा ताणणारं) प्रोजेक्शन नको, सिलिंड्रिकल (दृश्य नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं मांडणारं) घ्या.

पुढच्या वेळी: मॅन्युअल एक्स्पोजर, ठरावीक व्हाइट बॅलन्स, कॅमेरा उभा (पोर्ट्रेट) धरलेला, शेजारच्या फोटोंत ३० ते ४० टक्के ओव्हरलॅप. आणि कठड्यापासून चार पावलं मागे.