लग्न नेमकं कधी लागतं?

प्रिय सई,

तू पाहिलेल्या व्हिडिओत अंतरपाट बाजूला झाला, टाळ्या पडल्या आणि निम्मा मांडव जेवायला उठला. नवरानवरी मात्र त्यानंतरही तासभर होमापुढे बसलेले. मग ‘लग्न नक्की लागलं कधी, आणि यातलं जुनं किती?’ हा तुझा प्रश्न रास्तच आहे. पाहुणे एक सांगतील, गुरुजी दुसरं. कायदा बहुतेक वेळा गुरुजींच्या बाजूने उभा राहतो.

पाहुण्यांसाठी लग्न म्हणजे मुहूर्त. कुंकवाने स्वस्तिक काढलेला अंतरपाट दोघं धरून उभे राहतात, नवरीच्या मागे मामा असतो आणि मंगलाष्टकं सुरू होतात. ती बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात, म्हणजे चरणाला १९ अक्षरं. हौशी मावश्यांची स्वरचित अष्टकं इथेच गडबडतात: अक्षरं वाढली की चाल ओढावी लागते आणि मुहूर्त टळायला येतो. पूर्वी वेळ मोजायला पाण्याच्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. भोकात कचरा अडकला तर घटका लांबे, म्हणून पाणी स्वच्छ लागे. अक्षतांचे तांदूळ अख्खे हवेत. कुंकू लावताना पाण्याचा हात जास्त झाला, तर शालूवर डाग ठरलेलेच.

आता गंमत बघ. आश्वलायन गृह्यसूत्र हा विवाहविधी सांगणारा इसवी सनापूर्वीचा ग्रंथ. त्यात अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, काळ्या मण्यांचं मंगळसूत्रही नाही. नवऱ्याचा कान पिळणारा भाऊ नाही, पण भाऊ आहे! तो बहिणीच्या ओंजळीला आधी तूप लावतो, मग तिच्यात दोनदा लाह्या घालतो (जमदग्नी गोत्राच्या घरात तीनदा), आणि ती त्या अग्नीत सोडते. भाऊ नसेल तर त्याच्या जागी दुसरा कोणी चालतो, हेही तिथेच लिहिलंय. नवरा तिला अग्नीभोवती तीनदा नेतो आणि दर वेळी दगडावर उभी करून ‘दगडासारखी स्थिर हो’ म्हणतो. (त्याने स्थिर व्हावं असं कोणी म्हणत नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.) मग सप्तपदी: ईशान्येकडे सात पावलं, अनुक्रमे अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती, ऋतू आणि सातवं सख्यासाठी. आपल्याकडे त्यासाठी तांदळाच्या सात राशी मांडतात आणि उजवं पाऊल आधी टाकतात. रात्री ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी बघायचे. हल्ली हे भर दुपारी हॉलच्या छताकडे बोट दाखवून उरकतात.

याहून जुनं आहे ते हात धरणं. ‘सौभाग्यासाठी तुझा हात धरतो’ हा मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला, ८५ व्या सूक्तातला. तीन हजार वर्षं तरी तो म्हटला जातोय.

पण माझ्या मते त्या सूत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य विधी सुरू होण्याआधीच येतं: मुलखामुलखाच्या, गावागावाच्या चालीरीती नाना प्रकारच्या असतात, विवाहात त्या पाळाव्यात. म्हणजे पुढे मराठी मुलखात अंतरपाट आला, कानपिळी आली, त्याला सूत्रानेच दार उघडं ठेवलं होतं.

इतर प्राचीन समाजांनी हा क्षण दुसरीकडेच ठरवला. बॅबिलोनमध्ये हम्मुराबीच्या संहितेचं १२८ वं कलम सरळ आहे: करार नसेल तर ती बायको नव्हे. देणंघेणं झाल्यावर मुलाचं मन फिरलं तर त्याने दिलेलं मुलीच्या बापाकडेच राही. बाप फिरला तर त्याला दुप्पट परत करावं लागे. अथेन्समध्ये बाप आणि जावई यांच्यात बोलणं पक्कं होई, मुलगी तिथे हजर असण्याचीही गरज नसे. इजिप्तमध्ये लग्नाचा धार्मिक विधी सापडतच नाही. एकत्र घर मांडलं की झालं, आणि मालमत्तेचे कागद वेगळे. रोममध्येही लग्नाला विधी अनिवार्य नव्हता, दोघांची (आणि वडीलधाऱ्यांची) संमती पुरे. मात्र वर्षभर एकत्र राहिलं की बायको नवऱ्याच्या कायदेशीर ताब्यात जाई. तिने वर्षात सलग तीन रात्री बाहेर काढल्या तर तो ताबा लागू होत नसे. बायकोला अशी पळवाट ठेवणारा कायदा मला आवडतो.

आपल्याकडे मनुस्मृतीने आठव्या अध्यायात विवाहमंत्रांची पूर्तता सातव्या पावलावर मानली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं ७ वं कलम जवळपास तेच म्हणतं: लग्न दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे करा, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक. रूढीत सप्तपदी नसेल तर तिची सक्ती नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातला द्विभार्येचा खटला होता. दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने झालेलं, पण होम आणि सप्तपदी झाल्याचं, किंवा त्यांच्याशिवाय चालेल अशी रूढी असल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून ते लग्नच नव्हे ठरलं आणि नवरा सुटला. फटका कोणाला बसला असेल ते तूच ओळख. उलट बाजूने, २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की विधी न करता मिळवलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र हिंदू विवाह सिद्ध करत नाही. विधी नकोच असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे: ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, दोघांची तोंडी घोषणा आणि सह्या.

तेव्हा जेवणाची घाई असली तरी सप्तपदीपर्यंत थांबणारे दोनचार जाणते साक्षीदार हवेत, आणि फोटोवाल्याला ती सात पावलं सलग चित्रित करायला सांगायला हवं. बहुतेकजण तेव्हा पंगतीचे फोटो काढत असतात.

तुझी,
आई

ता. क. हिंदी सिनेमातले सात फेरे आणि आपली सप्तपदी यांची गल्लत करू नकोस. ते अग्नीभोवती फिरतात, आपण सात पावलं पुढे चालतो.