जुन्या पिकअपचा मागचा भाग ३ इंच खाली घ्यायचा आहे, मागच्या लीफ स्प्रिंगचे दोन-दोन पाटे काढले तर चालेल का? अधूनमधून द्राक्षांचे क्रेट भरतो.

पाटे काढू नका. गाडी खाली बसेल हे खरं, पण ती ताकद गमावून बसेल. सारख्या जाडीच्या ७ पाट्यांमधले २ काढले की ताठपणा साधारण २९ टक्क्यांनी कमी होतो. तुम्ही अधूनमधून द्राक्षांचे क्रेट भरता असं लिहिलंय. भरलेली गाडी पहिल्याच खड्ड्यात बंप रबरावर (एक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेला रबर) आपटेल, आणि जोरात ब्रेक दाबला की उरलेले पाटे पिळले जाऊन एक्सल (मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) फिरायला बघेल.

आधी गाडीखाली वाकून एकच गोष्ट बघा: पाटा (म्हणजे पाट्यांचा पूर्ण थर) एक्सलच्या वर बसलाय की खाली? लोअरिंग ब्लॉक, म्हणजे गाडी खाली घेण्याचा ठोकळा, पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसतो. पाटा खाली असेल तर ब्लॉकमुळे गाडी उतरते, वर असेल तर उलट उचलली जाते. पाटा वर असलेल्या गाडीत एक्सल पाट्याच्या वर घेण्याचं 'फ्लिप' काम करतात. त्यात एक्सलची जाडी अधिक पाट्यांच्या थराची जाडी एवढी गाडी एकदम उतरते. मग एक्सलला वर जायला जागा करण्यासाठी चासी कापावी लागते. माल वाहणाऱ्या गाडीला मी हे सुचवणार नाही.

रिकामी गाडी सपाट जागेवर, चाकात नेहमीची हवा ठेवून, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. मग एक्सल ते बंप रबर अंतर घ्या. खाली घेतल्यावर तिथे निदान २ इंच उरले पाहिजेत. बहुतेक गाड्यांत म्हणूनच ३ ऐवजी २ इंचांवर थांबावं लागतं.

पाटा वर असेल तर बरा मार्ग म्हणजे कमान कमी करून घेणं. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकचे पाटे ठोकणारे कारागीर मिळतात. काम थंड पाट्यावरच, ठोकून किंवा प्रेसवर, करून घ्या. गॅसने लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, तो काही महिन्यांत बसतो किंवा तुटतो. शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी कडी) बदलायची तर १ इंचाच्या फरकाला एक्सलवर जेमतेम अर्धा इंच फरक पडतो, आणि पाटा पुढच्या पिनभोवती फिरतो म्हणून डिफरन्शियलचं तोंडही वरखाली होतं. गिअरबॉक्सकडच्या आणि डिफरन्शियलकडच्या क्रॉसचे (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचे) कोन मोबाईलच्या लेव्हलने आधी आणि नंतर मोजा. दोन्हींत १ अंशाहून जास्त फरक आला तर एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये स्टीलचा पाचरीसारखा शिम (पातळ पट्टी) घाला, नाहीतर वेगात गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातो.

ब्लॉक वापरलात तर भरीव लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा घ्या. लाकडी ठोकळा नको, एकावर एक दोन ब्लॉकही नकोत. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात नीट बसलंय हे डोळ्यांनी बघा, कारण ते अधांतरी राहिलं तर एक्सल सरकतो. पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच आणि जुन्यांपेक्षा ब्लॉकच्या उंचीएवढे जास्त लांब घ्या. जुने ताणलेले असतात. आवळताना तिरपे-तिरपे, थोडे-थोडे. रबरी बुश असतील तर पिनांचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश पिळलेले राहून फाटतात.

शॉकअप आता कमी लांबीत काम करणार. एक्सल बंप रबराला टेकण्याआधी शॉकअप तळाला लागत असेल तर छोटा घ्या.

एक गोष्ट हमखास राहून जाते. एक्सलवरून एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे गेली असेल, तर तो व्हॉल्व्ह वजनानुसार मागचा ब्रेक ठरवतो. गाडी खाली आली की त्याला वाटतं माल भरलाय, आणि पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात. ती दांडी नव्या उंचीला जुळवून घ्याच. मागची बाजू उतरली की हेडलाइटही वर बघायला लागतात, तेही खाली घ्या.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ बनावटीपासून वेगळे बदल रोखतं. पासिंगची गाडी असेल तर नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत आधी विचारा. २०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळा आणि उंची पुन्हा मोजा.