चित्रावरून कथा लिहायला बसले की नुसते वर्णनच होते, काय करावे?

चित्र समोर ठेवून कथा किंवा कविता लिहायला घेतली की चित्राचे वर्णनच कागदावर उतरते आणि पुढे काही सुचत नाही, अशी आपली अडचण आहे. मी कोल्हापुरात मुद्रितशोधनाचे काम करतो आणि अधूनमधून दिवाळी अंकांसाठी कथा लिहितो. त्यांतल्या तीन-चार कथा चित्रांवरून सुचलेल्या असल्यामुळे ही अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे.

काही वर्षांपूर्वी येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनात पंचगंगेच्या घाटाचे जलरंगातले चित्र मला फार आवडले आणि घरी येऊन मी त्यावर सहा पाने लिहून काढली. सोनेरी सकाळ, संथ पाणी, धुक्यात बुडालेल्या दीपमाळा, सगळे काही त्यात होते. संपादकांनी ती कथा परत पाठवली आणि सोबतच्या चिठ्ठीत एवढेच विचारले, ‘यात कोणाचे काय अडले आहे?’ राग आला, पण उत्तर देता येईना. चित्रकाराने रंगांत जे आधीच सांगून टाकले होते, तेच मी शब्दांत, आणि त्याच्याइतके चांगले नव्हे असे, पुन्हा सांगत बसलो होतो.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी वही घेऊन पुन्हा त्या चित्रासमोर उभा राहिलो आणि एकही विशेषण न वापरता फक्त दिसणाऱ्या वस्तूंची नावे लिहीत गेलो : पायरी, बादली, म्हैस, दगडावर पसरलेले धोतर, पाण्यात उभा असलेला माणूस. दहा मिनिटांत यादी संपली. तरीही हललो नाही, आणि आणखी बऱ्याच वेळाने खालून तिसऱ्या पायरीवर एक चप्पल दिसली. एकच. खरे तर ते तपकिरी रंगाचे दोन फटकारे होते आणि त्यांवरून गेलेली एक बारीक काळी रेघ होती; चित्रकाराच्या मनात तेथे कदाचित दगडच असेल. पण मला तो अंगठा तुटलेल्या चपलेसारखा दिसला आणि दुसरी चप्पल कोठे गेली, हा प्रश्न सुटेना. ती ज्याच्या पायात होती तो माणूस चौकटीच्या बाहेर होता, त्यामुळे त्याच्याबद्दल चित्रकाराने काहीही सांगून ठेवलेले नव्हते. नंतर लिहिलेल्या कथेत ती सोनेरी सकाळ अर्ध्या ओळीत आटोपली.

तेव्हापासून चित्रात काय आहे यापेक्षा त्याच्या कडेला काय कापले गेले आहे, हे मी आधी पाहतो. सावळाराम हळदणकरांचे हाती निरांजन घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आपण पाहिले असेलच. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अनेक जण अजूनही ते राजा रविवर्म्याचे समजतात. त्यावर लिहिणारा बहुतेक माणूस तिच्या चेहऱ्यावरच्या उजेडात अडकतो, कारण तो उजेड तसाच विलक्षण आहे. पण तिने ज्योतीपुढे हात धरला आहे, त्याअर्थी कोठून तरी वारा येत असला पाहिजे. मग दार कोणी उघडे ठेवले? आणि अगदी वेगळ्या बाजूने पाहायचे, तर या चित्रासाठी हळदणकरांची मुलगीच उभी राहिली होती. वडील रंगवत असताना हात तसाच धरून ठेवणाऱ्या मुलीच्या मनात काय चालले असेल, ही माझ्या मते निरांजनापेक्षा मोठी कथा आहे. तरीही सुरुवातीला इतके प्रसिद्ध चित्र घेऊ नये, कारण वाचकाच्या मनात ते आधीच पक्के बसलेले असते आणि आपल्याला हलायला जागा उरत नाही.

शक्यतो मूळ चित्रच पाहावे. फोनच्या पडद्यावर चित्राचा आकार कळत नाही आणि रंगाचा थर तर मुळीच कळत नाही. आमच्याकडे टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय आणि राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय यांसाठी सुटीच्या दिवसाची गर्दी टाळून जाता आले, तर एकाच चित्रापुढे अर्धा तास निवांत काढता येतो. तेथे टिपणेच घ्यावीत. कथा दुसऱ्या दिवशी, चित्र समोर नसताना लिहावी. रात्रभरात जे विसरले जाते ते बहुधा चित्रकाराचे असते, आणि जे चुकीचे आठवते त्यात आपले काहीतरी मिसळलेले असते. अशा चुका मी दुरुस्त करीत नाही.

कधी कधी तर चित्र नसले तरी चालते. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांच्याबद्दल कोल्हापुरात असे सांगितले जाते की, १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी दुःखाच्या भरात आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. ते स्वतः १९३१ पर्यंत हयात होते. त्या चित्रांत काय होते, कागद बुडायला किती वेळ लागला, काठावर धुणे धुणाऱ्या बाईने एखादे काढून घरी नेले असेल का आणि नेले असल्यास ते कशावर झाकण म्हणून घातले असेल, या प्रश्नांवर मी दोनदा लिहून पाहिले आहे. दोन्ही वेळा मध्येच चित्रकाराचे दुःख समजावून सांगू लागलो आणि कथा बिघडली. आता ती त्या बाईच्या बाजूने लिहितो आहे. तिला आबालाल कोण हे ठाऊक नाही, त्यामुळे काम बरेच सोपे झाले आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. कथेसोबत चित्रही छापायचे असेल आणि चित्रकार हयात असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यावी. चित्र छापणार नसलात तरी कथेखाली एका ओळीत त्याचे नाव द्यावे. कथेच्या आत मात्र ‘चित्रातल्यासारखी’ हा शब्द आला, तर तो खोडावा.