वाचकांचे प्रश्न : खाडीतला शिंगाळा आणि पंचांगातली तिथी

प्रश्न : आम्ही सातपूरच्या एका कारखान्यातले नऊ जण. आजवर गळ टाकला तो धरणाच्या काठावर बसूनच. आता वैतरणेच्या खाडीत होडीतून शिंगाळा धरायला नेणारे एक होडीवाले मिळाले आहेत. आम्हाला रविवारच जमतो, ते मात्र ‘तिथी बघून सांगतो’ म्हणतात. दोन रविवार त्यांनी नाकारले. भाडं वाढवून घ्यायचा तर हा प्रकार नाही ना?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही हो भाऊ. दोन रविवारचं भाडं स्वतःहून सोडणारा माणूस तुम्हाला मिळालाय, त्याला धरून राहा. माझं माहेर दातिवऱ्याच्या बाजूचं, बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. लग्न होऊन नाशिक रोडला आले, तेव्हा त्र्यंबकच्या डोंगरातून निघणारी वैतरणाच माझ्या माहेरी खाडी होऊन समुद्राला मिळते, याचा मला फार आधार वाटायचा. आपली गोदावरी त्याच डोंगरांतून पूर्वेला वळते, तिला भरती भेटते ती पार आंध्रात.

खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. आमच्याकडचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास पुरती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अंदाज खाडीच्या मुखाजवळचा. जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, आणि तो फरक तिथल्या होडीवाल्यालाच ठाऊक असतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. मोठ्या उधाणाला मुंबईच्या तक्त्यात भरतीचा आकडा ४.५ मीटरच्या वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत शिरायचं आणि सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणजे ओढ किती असेल बघा! दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही, नऊ जणांच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात. शिंगाळा तर तळाशी मिशांनी चाचपत, वासावर खाणारा. आमिष तळाला राहिलंच नाही तर तो येणार कसा? अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ मवाळ होते. त्यातही षष्ठी ते अष्टमी हे दिवस मला पसंत. ओहोटी साडेदहा ते बाराच्या दरम्यान संपते आणि पुढची सगळी भरती दिवसाउजेडी मिळते. पाणी फिरल्यावरचे पहिले दोन-तीन तास सोडू नका. कोळंबी किंवा ताज्या तारलीचा तुकडा लावा, शिसं जड घ्या. पाणी थबकलं की गळ वर घेऊन खुशाल डबे उघडा.

रविवारच हवा ना? मग कॅलेंडर घ्या, ज्या रविवारी या तिथी येतात त्यांवर खूण करा आणि ती यादी त्यांच्यापुढे ठेवा. पावसाळा आणि त्यानंतरचं गढूळ, वाहतं पाणी टाळा, दिवाळीनंतरचं बघा. जव्हार-मनोरमार्गे जाणार असाल तर पहाटेच निघा. ओहोटीला होडीत कुठून चढायचं, हे आधी विचारून ठेवा, कारण तेव्हा काठाला गुडघाभर चिखल असतो. नऊ जण एकाच लहान होडीत घेत असतील तर दोन होड्या मागा. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, अंगावर, फळीखाली ठेवलेलं नको. आणि कळकळीने सांगते, बाटली नेऊ नका. ओढीच्या पाण्यात पोहता येणारी माणसंही गेलेली मी लहानपणी पाहिली आहेत. होडीवाल्यांनी ‘चला परत’ म्हटलं की गळाला मासा असला तरी दोरी आवरायची.

प्रश्न : माझे मिस्टर अशाच सहलीला निघालेत. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो म्हणतात. लागला तर काय करायचं? त्यांना मधुमेह आहे.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, बरं झालं आधी विचारलंत. त्याला तीन काटे असतात, पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक. ते करवतीसारखे दातेरी असतात, मासा चिडला की ताठ उभे राहून अडकतात, आणि त्यांवर विष असतं. म्हणून पहिले काही मासे होडीवाल्यांनाच सोडवू द्या. गळ काढायला पक्कड वापरायची, उघडा हात नको, आणि पायांत बंद बूट हवेत, कारण होडीच्या तळाशी तडफडणारा मासा पायालाच लागतो.

लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवायची आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. या उष्णतेने वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते बऱ्या हाताने तपासा, नाहीतर दुखण्याच्या भरात कातडी भाजते. त्यासाठी चहाच्या थर्मासखेरीज गरम पाण्याचा आणखी एक थर्मास बरोबर द्याच. जखम चिरायची नाही, चोखायची नाही, वर दोरी आवळायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. काटा आत तुटला, सूज चढत गेली किंवा ताप आला तर थेट दवाखाना. मधुमेह असताना खाडीच्या पाण्यातली जखम लवकर चिघळू शकते, म्हणून तुमच्या मिस्टरांनी जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : बाजारात स्वस्त मिळणारा मांगूर आणि खाडीतला शिंगाळा एकच का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. शेपटी बघा : शिंगाळ्याची दुभंगलेली, मांगुराची गोल. मांगुराच्या पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत जातो. आपला देशी मांगूर चांगला मासा आहे. परंतु स्वस्तात विकला जातो तो बहुधा आफ्रिकन मांगूर, ज्याला थाई मांगूर म्हणतात. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो सुटला तर नदीतले देशी मासे खाऊन टाकतो. घेऊ नका.

प्रश्न : शिंगाळ्याचा नर तोंडात अंडी सांभाळतो, हे खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : अगदी खरं. मादीने अंडी घातली की नर ती तोंडात घेतो. गोटीएवढी मोठी अंडी, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत कित्येक आठवडे तो जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे असा नर गळाला क्वचितच लागतो, जाळ्यात मात्र सापडतो, आणि घाबरून अंडी टाकून देतो. टाकलेली अंडी पुन्हा त्याच्या तोंडात घालता येत नाहीत. अंडी मुळातच थोडी, एका नराबरोबर सगळी वीण जाते. सहलीत होडीवाले जाळंही टाकणार असतील तर निघण्यापूर्वीच त्यांना सांगा : गाल फुगलेला शिंगाळा दिसला तर होडीत घ्यायचा नाही, जाळं पाण्यातच सैल करून त्याला तिथेच जाऊ द्यायचा.