घर विकायला काढताना: भिंती-फरशीचे काही प्रश्न

पाऊस ओसरू लागला की इंदुरातून घर विकणाऱ्यांचे प्रश्न एकदम वाढतात. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकं येणार, त्याआधी भिंती आणि फरशा नीट व्हायला हव्यात. या वेळी आलेल्यांपैकी काही प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न: सुदामानगरात तळमजल्याचं जुनं घर आहे. हॉलच्या भिंतीला जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत दरवर्षी पोपडे येतात, पांढरी पूड झडते. ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी मारून वरून ऑइल पेंट देऊ, गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही. करू का?

नका करू. ती पांढरी पूड म्हणजे क्षार, आपल्याकडे ज्याला लोणा लागणं म्हणतात तो. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं आणि भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन वाळतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे खडे गिलाव्याच्या आत वाढतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. वरून ऑइल पेंट दिलात की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं, आणि दोन फुटांवरचे पोपडे पुढच्या वर्षी तीन फुटांवर दिसतात.

आधी ओल कुठून येते ते बघा. दीड-दोन फूट लांबी-रुंदीचं जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीची हवा दमट आहे, खिडक्या उघडा. भिंतीतच असेल तर बाहेर जाऊन बघा: भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा आहे का? पेव्हर टाकताना अंगण जोत्याच्या वर गेलंय का? मागच्या बाजूला न्हाणीघर असेल तर त्याचा नळ किंवा फरशीचे सांधे गळतायत का? पुष्कळदा दुखणं इथेच सापडतं आणि थोडक्यात निभावतं. यातलं काहीच नसेल तर जोत्यावरचा ओलरोधक थर नाही किंवा खराब झालाय, असं समजा. त्यासाठी भिंतीत भोकं पाडून रसायन भरावं लागतं. ते काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

ओल थांबल्यावर ओलीच्या खुणेच्या दीड फूट वरपर्यंत गिलावा काढा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडा आणि बाहेर फेका. धुतलेत तर विरघळून पुन्हा आत जातील. भिंत उघडी ठेवून वाळू द्या. याला आठवडे लागतात, पर्याय नाही. नवा गिलावा केल्यावर पुट्टीआधी साधारण २८ दिवस थांबा.

एवढा वेळ नसेल तर पोपडे काढा, चुन्याचा हात द्या, आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या दक्षतेनंही न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, एकाच भिंतीचा खालचा भाग ताजा चकचकीत दिसला की गिऱ्हाइकाबरोबर आलेला मिस्त्री पहिला हात तिथेच लावतो.

प्रश्न: टिळकनगरात बंगला आहे. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. बुजवल्या तरी दर चैत्र-वैशाखात उघडतात.

ही माळव्याची काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीचा कोपरा भिंतीत सगळ्यात नाजूक, म्हणून भेग तिथून निघते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, बाजूला तारीख लिहा, आणि मधोमध भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावा. ठिपका तडकला तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून हलतेय. भेग बोटभर रुंद झाली असेल, बाहेरूनही त्याच जागी दिसत असेल किंवा दारं चौकटीत अडकायला लागली असतील, तर रंगाऱ्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. त्याचा लेखी अहवाल हाताशी असला की गिऱ्हाइकाला काय ते नीट समजावता येतं.

बारीक भेगा असतील तर त्या व्ही आकारात थोड्या खोदा, धूळ झाडा, ताणल्या जाणाऱ्या अॅक्रिलिक फिलरनं भरा आणि वर जाळीची पट्टी लावून मग पुट्टी द्या. सिमेंटनं बुजवलेली भेग कडक होते आणि शेजारून दुसरी फुटते. घराभोवती तीनेक फुटांचा, बाहेरच्या बाजूला उताराचा कोबा (काँक्रीटचा पट्टा) करून घ्या, म्हणजे पायाजवळची माती एकदम भिजत-सुकत नाही.

प्रश्न: सगळीकडे कोटा दगडाची फरशी आणि मागच्या दोन खोल्यांत मोझॅक आहे. मुलगा म्हणतो, वरून व्हिट्रिफाइड टाइल बसवू, आजकाल लोकांना तेच लागतं.

मुलाला जरा थांबवा. जुन्या फरशीवर टाइल बसवली की चिकटवणीसकट साधारण अर्धा इंच उंची वाढते. मग प्रत्येक दार खालून तासा, न्हाणीघराचे उंबरे नीट करा, बाल्कनीचा उतार बघा. शिवाय खालची फरशी पोकळ असेल तर वरची टाइलही लवकरच ठणठण वाजते. आता आधी एक नाणं घेऊन फरशीवर ठोकत फिरा. जिथे पोकळ आवाज येईल तिथल्या लाद्या काढून पुन्हा बसवा, बाकीच्यांची घिसाई, म्हणजे मशीननं घासून पॉलिश, करून घ्या.

कोटा राजस्थानातून येतो, चुनखडी जातीचा आहे, आणि घासून त्याचं रूप परत येतं. खरबरीत दगडापासून सुरुवात करून बारीक दगडापर्यंत मशीन चालवतात, शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडच्या पावडरीनं पॉलिश करतात. (पावडर विषारी आहे, मुलांपासून लांब ठेवा.) मोझॅकलाही हाच उपाय, फक्त आधी त्याच्या खड्ड्यांत त्याच रंगाचं सिमेंट भरून घ्यावं लागतं. घिसाईनंतर मोझॅकचे रंगीत खडे असे उठून दिसतात, की आता ते बसवायला निघालात तर कारागीर मिळायला जड जाईल. पण एक करा: कोटा संडास धुण्याच्या अॅसिडनं पुसणं आजपासून बंद. त्यानंच तो पांढुरका आणि खरबरीत होतो.

आणि कामाचा क्रम. घिसाईचं गढूळ पाणी भिंतींवर उडतं, स्कर्टिंगपासून (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीपासून) हातभर वर. म्हणून पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात, मग घिसाई, आणि रंगाचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी. हे उलटं झालेली घरं मी बघितली आहेत. पांढऱ्या भिंतीवर करड्या थेंबांची नक्षी उठते.

प्रश्न: रामबागेतला आमचा जुना वाडा विकायचा आहे. भिंती चुन्याच्या, दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थर. घरात दीड वर्षाची नात आहे. काय खबरदारी घ्यावी?

चुन्याच्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी लावू नका. जुन्या सफेदीच्या थरांवर ती धरत नाही, पापुद्र्यासारखी निघते. शिवाय चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडावी लागते, सिमेंट ती कोंडतं. सैल थर खरवडा, खड्डे चुना-वाळूनं भरा, आणि भिजवून गाळलेला चुना पातळ दोन-तीन हात द्या. वाडा घेणाऱ्याला पीओपीपेक्षा (प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा) चुन्याची सफेदी पटते, असं मला तरी वाटतं.

दारांचं मात्र गंभीर आहे. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग एवढी ठरली आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं किती असेल ते डोळ्यांनी कळत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय होतो. म्हणून कोरडा पॉलिश पेपर चालवू नका, ग्राइंडर तर मुळीच नको, आणि आगीनं जाळून रंग काढू नका. पाणी मारून ओलं खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला चुरा गोळा करून बांधा. फडक्यानं ओलं पुसा, झाडू फिरवू नका. काम संपेपर्यंत नात आणि तिची आई दुसऱ्या घरी राहिल्या तर बरं.

प्रश्न: दलाल सांगतो, हॉलची एक भिंत गडद करा, फोटो छान येतात.

दलालाला त्याच्या घरात करू द्या. फिकट क्रीम किंवा किंचित पिवळसर पांढरा, पूर्ण घराला एकच. घेणारा आल्यावर आपले रंग देणारच आहे.

प्रश्न: देवघरामागची आणि स्वयंपाकघरातली भिंत काळवंडली आहे. रंग दिला, तरी महिन्याभरात पिवळे डाग वर आले.

काजळी आणि फोडणीचं तेल पाण्याच्या रंगातून वर झिरपतं, म्हणून असं होतं. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून स्पंजनं खालून वर पुसा (वरून खाली पुसलं तर ओघळांचे डाग बसतात), साध्या पाण्यानं धुवा, दोन दिवस वाळू द्या. त्यावर तेलाचा प्रायमर एक हात, मग इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग. लिटरमागे दोन हातांना साधारण शंभर ते सव्वाशे चौरस फूट होतात, तेवढंच आणा. कॅलेंडरच्या खिळ्यांची भोकं प्रायमरआधीच बुजवून घ्या.