हिमवादळ थांबून 36 तास झाले, आकाश निरभ्र आहे. आता स्कीवरून डोंगरावर चढणं सुरक्षित आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: सुमारे 50 सेंमी नवा बर्फ, वादळात जोराचा वारा, आता स्वच्छ ऊन, आणि तुम्हा तिघांना धारेपर्यंत जायचं आहे. एवढ्यावरून मी ‘हो’ म्हणणार नाही. किती थांबायचं हे नव्या बर्फाखाली काय गाडलं गेलंय त्यावर ठरतं.

नवा बर्फ स्वतःच्याच वजनाने बसत जातो. खालचा जुना थर भक्कम असेल तर बहुतेक वेळा 24 ते 48 तासांत दोन्ही एकमेकांना धरतात. पण वादळाआधी कडक थंडीच्या, निरभ्र रात्री गेल्या असतील तर गोष्ट वेगळी. अशा रात्री बर्फावर पिसांसारखे नाजूक हिमकण उगवतात. शिवाय बर्फ पातळ असेल तर जमिनीलगत शून्याच्या आसपास आणि वर उणे 15 अशी स्थिती होते. दर 10 सेंमीला 1 अंशाहून जास्त फरक पडला की वाफ वर सरकते, कणांमधले दुवे झिजतात आणि आतला बर्फ साखरेसारखा सुटा होतो. असा थर गाडला गेला की आठवडेच्या आठवडे कमकुवत राहतो. त्यात वरचा बर्फ घट्ट होऊन एकसंध स्लॅब बनतो, त्यामुळे एका जागी थर मोडला तर भेग क्षणात सगळ्या उतारभर पळते. म्हणून 36 तासांच्या उन्हावर विसंबू नका.

वाऱ्याचं गणित त्याहून वाईट. धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो पलीकडच्या आडोशाला टाकतो, आणि आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगानेही तिथे थर चढू शकतो. मोकळ्यावर 50 सेंमी असलेला बर्फ धारेखाली दीड मीटर असू शकतो. गुळगुळीत, फुगीर आणि पावलाखाली पोकळ वाजणारा भाग दिसला तर तो टाळा. स्लॅब बहुधा जाड मध्यावर नाही, तर कडेला किंवा खडकांजवळ जिथे पातळ असते तिथे फुटते, कारण तिथे तुमचा भार कमकुवत थरापर्यंत पोचतो. दोघं सुखरूप गेले म्हणून तिसरा जाईलच असं नाही, ते यामुळेच.

वाटेत त्याच दिशेच्या उतारांवर ताजी हिमस्खलनं दिसली, पायाखालचा बर्फ ‘हुंफ्’ करून दबला, स्कीच्या टोकापासून भेगा धावल्या किंवा ऊन एकदम तापलं, तर यातली एकच खूण माघारीला पुरेशी आहे. त्यानंतर चाचणी करत बसू नका.

खुणा नसतील तर खड्डा खणून, उताराला आडवा 90 सेंमी रुंद आणि आत 30 सेंमी असा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 थापा द्या. भेग पडली त्याच किंवा पुढच्याच थापेला ती पूर्ण स्तंभभर गेली, तर तो उतार सोडा. गेली नाही तरी ती परवानगी समजू नका, चार पावलांवर थर वेगळा असू शकतो.

म्हणून अशा दिवशी मी कोनावर भिस्त ठेवतो. स्लॅब मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटते, 38 च्या आसपास सर्वाधिक. 1:25,000 च्या नकाशावर 20 मीटरच्या समोच्च रेषा 1.4 मिमीपेक्षा जवळ असतील तर उतार 30 अंशांहून तीव्र आहे. वाट सौम्य असली तरी डोक्यावर काय आहे ते बघा. खालच्या सपाटीवर चालूनही वरची स्लॅब सुटते. नाळ आणि घळ तर टाळाच, तिथे थोडा बर्फही माणसाला खोल गाडतो.

हिमस्खलनाच्या अंदाजात 5 पैकी 3 ही पातळी असेल तर ती ‘मधली’ समजू नका. या पातळीला माणसाच्या भाराने स्खलन होण्याची शक्यता चांगलीच असते, आणि खूप मृत्यू याच पातळीला होतात.

तिघांकडेही बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं संदेश-यंत्र), किमान 240 सेंमीचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं. फोन बीकनपासून 20 सेंमी दूर, शोधताना 50 सेंमी. धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा. कुणी गाडला गेला तर पहिली 10 ते 15 मिनिटं हातची, पुढे जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. प्रोब लागला की तो तसाच रोवलेला ठेवा. थेट गाडलेल्या माणसाच्या वर उभे राहून खणू नका, त्याने खालची हवेची पोकळी दबते. जेवढी खोली, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून तिथून आडवं आत खणा आणि बर्फ मागे ढकलत राहा. दोघं असाल तर एक पुढे, एक मागे, आणि दर मिनिटाला जागा बदला.