लो डोस सीटीतला नॉइज एआयने काढतात, मग रिपोर्टवर भरवसा ठेवावा का?
तुमच्या आईंच्या सीटीसाठी पुण्यातल्या सेंटरने ‘लो डोस, एआयवालं मशीन’ सांगितलं म्हणून घाबरू नका. डोस, म्हणजे एक्स-रेचं प्रमाण, निम्मा केला की चित्रातला दाणेदारपणा, म्हणजेच नॉइज, साधारण 40 टक्क्यांनी वाढतो, कारण डिटेक्टरपर्यंत पोचणारे एक्स-रे फोटॉनच कमी होतात. कमी आणि पूर्ण डोसच्या चित्रांच्या जोड्या दाखवून एआय मॉडेलला तो दाणा ओळखून काढायला शिकवतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2019 मध्येच अशा प्रणालींना मंजुरी दिली. फुप्फुसं किंवा मुतखड्यासाठी मी बिनधास्त हो म्हणेन. यकृतातली लहान, फिकट गाठ असेल तर मात्र जपून: डोस फार उतरवला तर नॉइजबरोबर गाठही पुसली जाऊ शकते आणि चित्र तरी स्वच्छच दिसतं. तपासणी कशासाठी आहे ते रेडिओलॉजिस्टना आधी सांगा, जुन्या स्कॅनची सीडीही न्या.